बाकावर उतरलेला आकडा

"घाबरू नका, काही दुखत नाही. थोडं आवळेल, एवढंच."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. मी पारा बोलतोय. रक्तदाब मोजायच्या यंत्रात काचेची एक उभी नळी असते ना, तिच्यात वरखाली करणारा चकचकीत रुपेरी पारा म्हणजे मी. माणसं मला घाबरतात असा सगळ्यांचा समज आहे. साफ चूक. घाबरतो तो मी. जन्माचा भित्रा आहे, आणि आता जायची वेळ आली तरी भीती काही सुटलेली नाही. ती कशाची, तेवढं ऐकून घ्या, मग मला खुशाल नावं ठेवा.

माझा जन्म दगडातला. लाल दगड भट्टीत भाजला की माझी वाफ निघते आणि ती गार झाली की मी होतो. आम्ही पुष्कळ भाऊ. काही तापमापीत गेले, त्यांचं बरं चाललंय. माझ्या नशिबी हा डबा आला. एका कारागिराने मला नळीत भरलं, रबरी फुगा दाबून वर चढवलं, हवा सोडून खाली आणलं, रेघांवर बोट ठेवून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही."

"बोलला तरी ऐकतंय कोण!" शेजारचा म्हणाला आणि दोघंही हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तिथून मी आलो जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत. गोदीच्या फाटकाशेजारी, रंगाच्या कोठाराला लागून, प्रथमोपचाराची खोली होती. कामगार तिला 'मलमपट्टी' म्हणायचे. "बोट कापलंय? जा, मलमपट्टीत जाऊन ये." खोलीत एक टेबल, एक वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, कोपऱ्यात उभं केलेलं स्ट्रेचर, आणि रंगाचा नि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळलेला. खिडकीतून समोरच्या उंच क्रेन दिसायच्या. डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी येऊन सह्या करून जायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरचा.

सिस्टर म्हणजे काय विचारता! आवाज असा की बाहेर लोखंड ठोकणारा हातोडा थांबवून बघायचा. जखम धुताना कुणी ओरडलं की म्हणायच्या, "एवढा मोठा बाप्या आणि माझ्यासमोर गळा काढतोस? घरी बायकोला सांगू का?" पण त्याच हातांनी त्या इतकी हळू पट्टी बांधायच्या की माणूस लाजून गप्प व्हायचा. मला त्या रोज कोरड्या फडक्याने पुसत. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण आज बोलायलाच हवं.

आधी माझं काम सांगतो. दंडाला पट्टा बांधतात, फुगा दाबतात, मी वर चढतो. ते चढणं काही खरं नव्हे, ते हवेच्या जोरावर. मग हवा हळूहळू सोडतात, मी उतरू लागतो, सिस्टर कानाला नळ्या लावून ऐकत असतात. आधी सगळं शांत. उतरता उतरता एका रेघेवर पहिला ठोका लागतो. टक. तो वरचा आकडा. पुढे ठोके विरतात, तो खालचा. ठोका जितका वर लागेल तितका रक्ताचा जोर जास्त. ऐकतात त्या कानांनी, पण तो ठोका माझ्या अंगावर येतो. आतून कुणीतरी दार ठोठावतंय, असं मला दर वेळी वाटतं.

आता त्या खोलीची रीत ऐका. क्रेनवर, उंचीवर काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. चाळिशीच्या पुढचा माणूस असला आणि दाब वर निघाला, की सिस्टर तडक चिठ्ठी लिहून डॉक्टरांपुढे उभा करायच्या. गयावया केली तरी दया नाही. पण तरुण असला तर? तर खिडकीखाली एक लाकडी बाक होता, त्यावर बसवायच्या.

"धावत आला असशील. बस बाकावर. थंड पाणी पी."

मग पुन्हा पट्टा. नाही उतरला तर पुन्हा बाक. मग दुसरा हात. मग "काल जागरण झालं का रे? मग उद्या सकाळी ये." जो सगळ्यांत खालचा आकडा मिळेल तो खरा, बाकीचे भीतीचे, दमाचे, जिन्याचे. हवा सोडताना त्या माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "उतर रे बाबा, उतर." ठोका न लागता मी जितका खाली येईन तितका त्यांचा चेहरा खुलायचा. आणि हे सगळं मायेपोटी हं! पोरांचं काम जाऊ नये, म्हणून. गोदीतली माणसं त्या बाकाला हात लावून नमस्कार करायची. 'सिस्टरच्या बाकावर कुणी नापास होत नाही,' अशी त्याची ख्याती होती.

मला मात्र तो बाक डोळ्यांसमोर नको व्हायचा.

एक दिवस दारात वाकून एक पोरगा आत आला. वाकून, कारण न वाकता आला असता तर कपाळमोक्षच झाला असता. इतका उंच. गोदीत पाय ठेवल्याच्या दिवशीच त्याचं नाव 'शिडी' पडलं होतं. शिडी आला, शिडी गेला, शिडीला बोलवा. नुकताच क्रेन शिकून तयार झालेला, ओठावर मिसरूड, खिशात खारे दाणे, येईल त्याला मूठभर द्यायचा.

"मावशी, दाणे खातेस?"

"इथे सिस्टर म्हणायचं!"

"बरं. सिस्टर मावशी, दाणे खातेस?"

सख्ख्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हापासून याला सिस्टरनीच वाढवलेला. क्रेनच्या शिक्षणासाठी नाव त्यांनीच घातलेलं. त्यामुळे पट्टा बांधताना त्यांचा हात नेहमीपेक्षा हलका होता आणि चेहरा नेहमीपेक्षा करडा.

मी चढलो. उतरू लागलो. आणि कितीतरी वर, जिथे पोरवयात ठोका लागूच नये अशा ठिकाणी, तो लागला. टक. चांगला दणदणीत. पोरगा समोर दाणे चघळत हसतोय, गालावर लाली, दंड असा की पट्टा पुरेना, आणि आतून हे ठोठावणं!

सिस्टरनी कानातल्या नळ्या काढल्या.

"जिना चढून आलास ना?"

"मावशी, मलमपट्टीला जिना कुठंय?"

"जास्त शहाणपणा नको. बस बाकावर."

तो बसला. दुसऱ्यांदा थोडा कमी. तिसऱ्यांदा आणखी थोडा. मग डावा हात. "उतर रे बाबा, उतर," त्या पुटपुटत होत्या. शेवटी एकदा जेमतेम रेघेच्या आत ठोका लागला. "हां! बघ, आला ना!" असं म्हणून सिस्टरनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि वळून डोळे पुसले. लेकरू कामाला लागलं, याचा आनंद. मी नळीत खाली बसून नुसता थरथरत होतो. पहिला आकडा कुणी तोंडातूनही काढला नाही.

पुढे खिडकीतून मी त्याला पाहत असे. उंच क्रेनच्या टोकाला काचेची केबिन, तिच्यात शिडी. खालचे लोक ओरडायचे, "काय रे, उंटावरून शेळ्या हाकतोस का?" तो वरून शिटी वाजवायचा. काम मात्र सोन्यासारखं. जहाजाचं अवजड इंजिन तो असं खाली ठेवायचा की खालच्या फळीला कळायचं नाही. सिस्टरची छाती अभिमानाने फुगायची. त्या म्हणायच्या, "तो एवढ्या वर चढतो, मला धडकी भरते." अहो, वर चढतो त्याची कसली धडकी? तो खाली येऊन या खुर्चीत बसला की माझी गाळण उडायची!

दर वर्षी तेच. शिडीही तयार झाला. तपासणीच्या दिवशी तो आधीच येऊन, न सांगता बाकावर बसायचा, लांब श्वास घ्यायचा, पाणी प्यायचा. "बाकाचं दर्शन घेतो आणि येतो," असं मित्रांना सांगायचा. लग्न झालं, मुलगी झाली, पोट थोडं सुटलं, खारे दाणे काही सुटले नाहीत. पट्ट्याला त्याच्या हाताचं मीठ लागायचं. आणि दर वर्षी बाकावर बसायचा वेळ वाढत गेला. पहिल्या पहिल्यांदा तो उठून पटकन जायचा. नंतर सिस्टर त्याला जेवून यायला सांगायच्या, नंतर दुसऱ्या दिवशी. आतलं ठोठावणं जड होत चाललं होतं. मला ते कळत होतं आणि मला सांगायला तोंड नव्हतं.

तशात एकदा नव्या डॉक्टर आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ, पण सही करण्याआधी बघणाऱ्या. त्या दिवशी शिडी बाकावर होता.

"हे का बसलेत?"

"थोडा वर आला होता. आता उतरेल," सिस्टर म्हणाल्या.

"किती वर होता?"

सिस्टरनी सांगितला. चाचरत, पण सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आणि मागच्या वर्षी?"

"अहो डॉक्टर, पोरगं आहे ते. तिशीसुद्धा गाठली नाही. या वयात कसला आलाय दाब? खुर्ची बघितली की घाबरतात."

"घाबरू शकतात, मान्य. म्हणून शांत बसवून परत घ्यावा, वेगवेगळ्या दिवशी घ्यावा आणि सगळे आकडे मिळून काय सांगतात ते बघावं. तुम्ही मात्र मनासारखा येईपर्यंत घेता, आणि आला की थांबता."

अरे वा! मला त्या बाईंच्या पायावर लोटांगण घालावंसं वाटलं. पण सिस्टरचे कान लाल झाले होते.

डॉक्टर शिडीकडे वळल्या. "तुम्हाला आत्ता काही त्रास होत नसेल."

"मला काय धाड भरलीय?" शिडी हसला. "क्रेन चढतो उतरतो. डॉक्टर, दाणे घ्या."

"तरुणपणी वर राहिलेला दाब तरुणपणी दुखत नाही, खुपत नाही, हीच तर पंचाईत आहे. पण हृदय आणि नसा तेव्हापासूनच जास्तीचं ओझं ओढत असतात. अशांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. आत्ता मीठ कमी करा, वजन उतरवा, लागलंच तर गोळी घेऊ. थोडे दिवस खाली काम करा, दाब ताब्यात आला की पुन्हा वर. तुमची नोकरी कुठेही जात नाही."

"खाली काम?" शिडीचं हसू गेलं. "सगळी गोदी हसेल हो मला."

"हसू द्या."

तो बरं म्हणाला आणि गेला, तो त्या डॉक्टरांकडे पुन्हा फिरकलाच नाही. सिस्टर दिवसभर तणतणत होत्या. "कालची पोर मला शिकवतेय! माझ्या लेकराला आजारी ठरवायला निघालीय." महिन्याभरात त्या डॉक्टरांची बदली झाली. नंतर आलेले डॉक्टर घड्याळ बघत सह्या करणारे होते. बाक पुन्हा आपल्या जागी, शिडी बाकावर, आणि मी नळीत जीव मुठीत धरून.

मग शिडीला चाळीस लागलं.

त्या वर्षी पहिल्यांदाच त्याला माझी भीती वाटली. कारण रीत त्यालाही ठाऊक होती, आता बाक नाही. आता पहिला येईल तो आकडा. तपासणीच्या दिवशी तो दारापर्यंत आला, आत डोकावला, म्हणाला, "मावशी, आज जहाज लागलंय गं. पुढच्या आठवड्यात येतो." पुढच्या आठवड्यात दुसरं जहाज. मग मुलीच्या शाळेत काहीतरी. सिस्टरही "ये रे सवडीने" म्हणाल्या. मला वाटतं त्यांनाही तो आकडा बघायचा नव्हता. पट्टा बांधला नाही, तर आकडाही नाही, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

तो दिवस मी खिडकीतूनच पाहिला. भर दुपारी क्रेनच्या हुकाला जहाजाच्या पंख्याचं भलंमोठं पातं टांगलेलं, खाली सात-आठ माणसं. पातं हवेत थांबलं. खालचा खुणा करणारा हात हलवतोय, वरून उत्तर नाही. लोक वर बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "शिडी, झोपलास का?" मग पातं हळूच हललं. इतकं सावकाश खाली आलं की बघणाऱ्यांचा श्वास अडकला. जमिनीला टेकलं. हुक सैल झाला. एक शिटी वाजली, अर्धवटच. आणि काचेमागचा तो उंच माणूस एका बाजूला कलंडला.

मग जो आरडाओरडा झाला, तो काय सांगू! त्याला खाली आणायचा कसा? क्रेनच्या जिन्यावरून चार माणसं वर धावली, शेजारच्या क्रेनने माणसं उचलायचा पिंजरा वर नेला. सिस्टरनी मला काखोटीला मारलं आणि धावल्या. मी कधी इतका हिंदकळलो नव्हतो. त्यांचं काळीज माझ्या डब्याच्या लाकडावर आपटत होतं.

पिंजरा खाली आला. शिडीचा चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, ओठ हलत होते. "मावशी, पातं... नीट ठेवलं का गं?"

"ठेवलंस रे सोन्या, ठेवलंस. बोलू नकोस."

पट्टा बांधला. फुगा दाबला, मी चढलो. हवा सोडली, मी उतरू लागलो. जिथे दर वर्षी ठोका लागायचा ती रेघ आली. काही नाही. तिच्या खालची आली. काही नाही. बाकावर बसून बसून जी रेघ मिळवायचे, तीही मागे पडली. मी उतरतोय, उतरतोय, आणि आतून कुणी दार ठोठावत नाही! सिस्टरनी कानातल्या नळ्या घट्ट दाबल्या. त्यांचे ओठ माझ्याकडे बघून हलत होते.

"थांब रे बाबा. थांब. इतका उतरू नकोस."

मी काय करणार? मला थांबता येत असतं, तर मी पहिल्याच वर्षी वरच्या रेघेवर ठाण मांडून बसलो नसतो? अगदी खाली, जवळजवळ तळाशी, एक ठोका लागला. इतका अशक्त की माझ्या अंगावर नुसता शहारा आला. पण लागला. सिस्टर ओरडल्या, "आहे! आहे! गाडी आणा!"

शिडी वाचला. इस्पितळातून परत आला तो दुसराच माणूस होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा एक भाग कामातून गेला, आणि हे काही त्या दुपारी सुरू झालेलं नव्हतं, पुष्कळ वर्षांचं होतं. क्रेन सुटली ती कायमची. गोदीने त्याला फाटकावर बसून गाड्यांना पास द्यायचं काम दिलं. फाटकापासून मलमपट्टीपर्यंत चारच पावलं, पण तेवढ्यात त्याला धाप लागायची. ज्याच्या शिटीने गोदी हलायची, तो आता दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबायचा. सिस्टरनी त्याला कधी काही विचारलं नाही, त्यानेही त्यांना काही म्हटलं नाही. त्या मला पुसायच्या तेव्हा त्यांचा हात मात्र मध्येच थांबून राहायचा.

बाक तिथेच होता. त्यावर आता कुणाला बसवत नसत, रिकामी खोकी ठेवत.

आता या आठवड्याची गोष्ट. वरून हुकूम आलाय, पाऱ्याची यंत्रं बंद. पारा विषारी असतो, नळी फुटली तर माणसांना धोका. टेबलावर बॅटरीचं नवं यंत्र आलंय, बटण दाबलं की आपणच फुगतं आणि आकडा दाखवतं. मला न्यायला उद्या माणसं येणार आहेत, हातमोजे घालून. माझी तक्रार नाही. विषारी आहेच मी. सिस्टरही या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. दोघांचं सामान एकाच वेळी बांधलं जातंय.

आणि काल दारात एक मुलगी वाकून आत आली.

न वाकता आली असती तर कपाळ आपटलं असतं. मी ओळखलं. शिडीची लेक. गोदीच्या वीजविभागात शिकाऊ म्हणून निवड झालेली, उंचीवरच्या दिव्यांचं काम, म्हणून तपासणी. मागून शिडी धापा टाकत आला आणि दाराच्या चौकटीला टेकला.

"आजी, लवकर कर हं. बाहेर मैत्रिणी थांबल्यात."

"बस नीट. पाय जमिनीला टेकव. बोलू नकोस. पाच मिनिटं अशीच बस," सिस्टर म्हणाल्या. हल्ली त्या सगळ्यांनाच आधी असं शांत बसवतात, म्हातारा असो की तरुण. मग नवं यंत्र लावलं. त्याने गुरगुर करून आकडा दाखवला. सिस्टर त्या आकड्याकडे बघत राहिल्या. थोडं थांबून पुन्हा लावलं. मग माझं झाकण उघडलं.

"याच्यावर बघू," त्या म्हणाल्या.

पट्टा बांधला. मी चढलो. हवा सुटली. मी उतरू लागलो आणि मनातल्या मनात म्हणू लागलो, नको, इथे नको, अजून खाली. तेवढ्यात लागला. टक. अगदी तिच्या बापाच्या रेघेवर. तोच दणका, तेच तरणंताठं ठोठावणं. माझी पाचावर धारण बसली.

सिस्टरनी कानातल्या नळ्या काढल्या. त्यांनी शिडीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"मावशी," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "मावशी, मैत्रिणींबरोबर धावत आलीय गं ती. तिला... तिला जरा बाकावर बसव ना. उतरेल."

बाहेर क्रेन फिरत होती, तिचा करकर आवाज येत होता. आपण काय बोललो, ते शिडीच्या तोंडून बाहेर पडल्यावर त्याच्याच कानात गेलं असावं. त्याने छातीवर हात ठेवला आणि खाली बघितलं. मुलगी हसत हसत बाकावरची खोकी बाजूला करायला उठू लागली. "हाच तो बाबांचा बाक ना? याच्यावर कुणी नापास होत नाही म्हणे."

"बसू नकोस तिथे!"

सिस्टर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मी नळीत हललो. मग त्यांनी मुलीचा हात धरून तिला परत खुर्चीवर बसवलं.

"उद्या सकाळी परत ये. परवा परत. जो येईल तो आकडा मी तसाच चिठ्ठीवर लिहिणार, आणि चिठ्ठी घेऊन तू डॉक्टरांकडे जाणार. मी येते बरोबर. काम थोडं लांबेल, लांबू दे. लोक हसतील, हसू दे."

"अगं आजी, पण मला काही होत नाहीये. मी धडधाकट आहे. मला काय धाड भरलीय?"

शिडीने डोळे मिटले. सिस्टर खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या. मी त्यांना आयुष्यभर एकच वाक्य बोलताना ऐकलंय, हजारो माणसांना, हसत, दटावत, पाठ थोपटत. काल त्यांनी मुलीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या,

"घाबर गं बाई. माझं ऐक, जरा घाबर."

मुलगी आधी हसली. मग तिने आजीच्या डोळ्यांत पाहिलं, मग दाराला टेकलेल्या, श्वास शोधत असलेल्या बापाकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. बाहेरून मैत्रिणींनी हाक मारली. ती खुर्चीतच बसून राहिली. पट्टा अजून तिच्या दंडावरच होता.

आज सकाळी ती आली होती. आकडा कालचाच. उद्या ती येईल तेव्हा मी नसेन, माझ्या जागी ते बॅटरीचं यंत्र असेल. ते गुरगुरतं, पण खोटं बोलत नाही, माझी खात्री आहे. उद्या हातमोजेवाले मला बरणीत ओततील, झाकण लावतील, वर 'धोका' असं चिकटवतील. लांब उभे राहतील, मुलांना जवळ येऊ देणार नाहीत. मी बरणीच्या तळाशी बसून विचार करत राहीन, की मी बरणीत बंद असताना मला एवढे भिता, मग मी तुमच्याच दंडावरून वर चढून हाका मारत होतो, तेव्हा कुठे होतात?

तुम्ही विशीत असाल, तिशीत असाल, तुम्हाला काही होत नसेल. दंड पुढे करा. आणि आकडा वर आला, तर कृपा करून बाक शोधू नका.